चिंचमळ्याचा हरवलेला सात

आकाराम चौगुलेनं आयुष्यात एकदाच ठणकावून "नाही" म्हणायला हवं होतं, आणि नेमकं त्याच वेळी त्याच्या तोंडात चेअरमन बाळासोंनी भरवलेला पेढा होता. पेढा मोठा होता, घट्ट होता, आणि तो गिळून होईपर्यंत ठराव मंजूर झाला. पुढचा सगळा घोळ त्या पेढ्यानं केला असं आकाराम आजही सांगतो. त्याची बायको रूपाली म्हणते की पेढा नसता तरी हा "नाही" म्हणाला नसता. आपण दोघांचंही खरं धरून पुढं जाऊ.

आकाराम कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट होता. म्हणजे मुलांनी जाळलेली मीटरं दुरुस्त करायची आणि प्राध्यापकांनी जाळलेली मीटरं मुलांच्या नावावर घालायची. सत्त्याण्णव साली जयसिंगपूरच्या अलीकडच्या चिंचमळा गावातल्या दूध संस्थेला वाटलं, की आपल्याकडंही कॉम्प्युटरचं मशीन पाहिजे. दूध ओतलं की वजन दिसावं, फॅट दिसावी, पावती बाहेर पडावी. पुण्याच्या एका कंपनीचा माणूस येऊन गेला. चहा पिता पिता तो म्हणाला, असला बोर्ड कोल्हापूरकडं होणं अवघड आहे, तिकडं गूळ आणि चपला चांगल्या होतात.

हे वाक्य तीन तोंडांतून फिरत कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आकारामच्या कानावर आलं. गुळाला किंवा चपलांना कुणी वाईट म्हटलं नव्हतं, तरी आकाराम दोन दिवस नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी एसटीनं चिंचमळ्याला गेला आणि बाळासोंना म्हणाला, "बोर्ड मी करतो. कोल्हापुरात करतो. माझ्या घरात, जेवायच्या टेबलावर करतो." शेवटचं वाक्य त्यानं आवेशात जोडलं होतं. पण ते तंतोतंत पाळलं गेलं, आणि घरच्यांनी पुढचे दोन महिने जमिनीवर बसून जेवण केलं.

आता बोर्ड म्हणजे काय, ते थोडक्यात सांगितलं पाहिजे. मधे एक प्रोसेसर असतो, तो घरातला कर्ता. त्याच्याभोवती वजनकाटा, फॅटचं मशीन, आकडे दाखवणारी पाटी आणि पावती छापणारा प्रिंटर. ह्या सगळ्यांनी एकमेकांशी बोलायचं ते एकाच सामाईक रस्त्यानं. आकडा नेणाऱ्या चार तारा, सगळ्यांत मिळून त्याच चार. एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी गप्प ऐकायचं. ह्या सामाईक रस्त्याला बस म्हणतात. बोर्डावर ती तांब्याच्या बारीक रेघांनी आखायची असते, आणि ती जितकी आखूड आणि सरळ तितकी बरी, एवढं आकारामला नक्की माहीत होतं. टेबलावर काच, काचेखाली बल्ब आणि काचेवर पारदर्शक फिल्म पसरून, काळी पट्टी चिकटवत त्यानं पहिला आराखडा केला. वहीच्या पानाएवढा, देखणा. तो घेऊन तो संस्थेत गेला आणि तिथं तो पेढा आला.

बाळासोंनी आराखडा उजेडाकडं धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि मधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. संस्थेच्या इमारतीवर संचालकांची नावं होती. पाण्याच्या टाकीवर होती, बाकड्यांवर होती, भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवरसुद्धा होती, त्यामुळं गावात वेळ बघायला अंदाज लागायचा. मग एवढ्या बोर्डावर का नसावीत? ठराव मांडला गेला, त्याला अनुमोदन आलं, आणि आकारामचा घास खाली उतरला तेव्हा वर चेअरमन आणि त्याखाली दहा संचालक अशी यादी त्याच्या हातात होती. नावं तांब्यात पाहिजेत, आणि मधोमध पाहिजेत.

नावं लिहायला गल्लीतला यल्लाप्पा पेंटर आला. यल्लाप्पाचं अक्षर म्हणजे कोल्हापुरातलं वजनदार अक्षर. त्याच्या प्रत्येक कान्याला टाच असते आणि प्रत्येक वेलांटीला शेपूट. अकरा नावं मावेनात म्हणून बोर्ड वहीच्या पानावरून परातीएवढा झाला. उरलेल्या कोपऱ्यात यल्लाप्पानं कुणी न सांगता एक म्हैस काढली, शिंगांसकट. आणि बसच्या ज्या चार तारा मधून सरळ जायच्या, त्या बाळासोंच्या नावाला बाहेरून वळसा घालून, व्हाइस चेअरमनच्या आडनावाखालून निघून, म्हशीच्या शिंगाला चुकवत फॅटच्या मशीनकडं गेल्या. वाटेत प्रत्येक यंत्राला त्यांच्या वेगळ्या लांबलचक फांद्या फुटल्या. आकारामला ते दिसत होतं. पण नावांच्या वळशानं आकडा बदलत नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

मग वजनमापांच्या सरकारी कचेरीचा शिक्का. तिथल्या अर्जात एक तक्ता होता: घटक भाग, नग, आणि त्यांचे कार्य. आकारामनं सगळं भरलं. पण कारकून नकाशा बारकाईनं बघणाऱ्यांपैकी निघाला. त्यानं विचारलं, हे मधले अकरा भाग कसले? हे चेअरमन, असं सांगितल्यावर तो म्हणाला, असूद्या की, पण तांब्याचे आहेत ना, मग तक्त्यात आले पाहिजेत. तेव्हा आकारामनं लिहिलं, "संचालकांची नावे, नग अकरा", आणि कार्याच्या रकान्यापाशी बराच वेळ पेन थांबवून लिहिलं, "विद्युतदृष्ट्या निष्क्रिय". पुढचे तीन हेलपाटे म्हशीपायी झाले, ते इथं सांगत नाही.

उद्घाटन रविवारी संध्याकाळी झालं. त्याच समारंभात संस्थेचं जुनं फॅट काढायचं सामान, त्या ॲसिडच्या बाटल्या आणि हातानं फिरवायचं यंत्र, शेजारच्या गावाला नारळ देऊन दान केलं गेलं. मशीनमध्ये पहिलं दूध घालायचा मान चिमणाबाईला होता. चिमणाबाई साठीच्या पुढची, घरात एकटी, आणि तिची म्हैस सुंद्री. दोघींचाही गावात दरारा होता. सगळ्या चिंचमळ्यात सातच्या वर फॅट फक्त सुंद्रीची लागायची, बाकीच्यांच्या म्हशी सहाच्या आसपास रेंगाळायच्या. चिमणाबाईनं दूध ओतलं. मशीन घुमलं. पाटीवर लाल आकडे उमटले आणि सेक्रेटरी केरबानं ते माइकवरून वाचले: तीन पॉइंट चार.

केरबाचा आवाज वाचता वाचताच बारीक झाला. पुन्हा घातलं, पुन्हा तीन पॉइंट चार. मग केरबानं आपल्या घरचं दूध घातलं, ते सहा पॉइंट दोन लागलं, त्याच्या म्हशीला शोभेल असं. एका गायीचं घातलं, तीन पॉइंट आठ. सगळ्यांचं बरोबर आणि हिचंच कमी. मांडवात कुजबुज सुरू झाली आणि सगळे आकारामकडं बघायला लागले. त्याच्या गळ्यात हार होता, डोक्यावर फेटा होता, आणि पुण्याचा तो चहा पिणारा माणूस त्याच्या डोक्यातून गेला नव्हता. आकाराम म्हणाला, "मशीन खोटं बोलत नाही."

चार शब्द. पण ते माइकवर गेले होते. चिमणाबाईनं आकारामकडं एकदा पाहिलं, आपलं भांडं उचललं आणि पदर खोचून निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली, तिसऱ्या दिवशी आली, सकाळ-संध्याकाळ रांगेत उभी राहिली. रोज तीन लागायचं आणि रोज ती केरबाला म्हणायची, "लिव तीन. सांच्याला मी येतो की परत." दुधात पाणी घालणाऱ्याचं सभासदत्व रद्द, असा संस्थेचा नियम होता. येत्या रविवारच्या सभेत तो तिला लावायचा असं संचालकांनी ठरवलं. चाळीस वर्षं त्या बाईनं दूध घातलं होतं.

बुधवारी सकाळी आकारामच्या दारात चिमणाबाई उभी. पहिल्या गाडीनं आली होती, हातात झाकणाची किटली. आत आली, किटली आक्काच्या पुढं ठेवली आणि म्हणाली, "तुमच्या पोराचं मशीन खोटं बोलत न्हाय म्हनं. मी बी बोलत न्हाय. आता तुमी सांगा."

आक्का म्हणजे आकारामची आई. तिनं दूध तापवलं, निवू दिलं, आणि सायीखालून उलथनं घालून ती अख्खी उचलली. साय भाकरीसारखी उलथन्यावर राहिली. आक्कानं ती तशीच आकारामच्या तोंडासमोर धरली आणि म्हणाली, "ह्यात पानी आसंल तर मी आजपास्नं च्या सोडतो." आक्का दिवसाला सात कप चहा प्यायची. घरात ह्याहून मोठी शपथ कुणी ऐकली नव्हती.

आकारामला लाज वाटली, खरी लाज, कान गरम करणारी. त्यानं उरलेलं दूध बाटलीत भरून कॉलेजच्या ओळखीच्या एका डेअरीच्या लॅबमध्ये नेलं. सात पॉइंट चार. तो आकडा घेऊन तो तसाच चिंचमळ्याला गेला. बाळासो म्हणाले, एसटीतनं आलेल्या बाटलीचा काय भरवसा. शिवाय पाहुण्यांच्या देखत उद्घाटन झालंय, आता मशीन खोटं म्हटलं तर अकरा जणांनी तोंड कुठं लपवायचं? मग जरा मऊ होऊन म्हणाले, "चौगुले, तुमी कशाला अंगाला लावून घेताय? मशीन चांगलं हाय. म्हातारीच चुकली आसंल."

इथं आकाराम आपलं सामान उचलून घरी गेला असता तर त्याचं कौतुक कायम राहिलं असतं. सत्काराची शाल होती, वर्तमानपत्रात पासपोर्टएवढा फोटो आला होता. पण त्यानं उचलून आणला तो तीन दिवसांच्या पावत्यांच्या नकलांचा गठ्ठा. परतीच्या गाडीत त्या चाळताना त्याला आधी काहीच दिसलं नाही, आणि नंतर जे दिसलं त्यानं त्याचा स्टॉप चुकला. पावत्यांवर तारखेत सात होता. वजनात सात होता. फॅटमध्ये मात्र सात कुठंच नव्हता. सात पॉइंट काही नाही, सहा पॉइंट सात नाही, पाच पॉइंट सातसुद्धा नाही. शेकडो पावत्या, आणि चिंचमळ्याच्या दुधातून एक आख्खा आकडा नाहीसा झालेला. चिमणाबाईचा सात पॉइंटच्या आधी होता म्हणून ती पकडली गेली. बाकीच्यांचा पॉइंटच्या नंतर होता म्हणून त्यांची थोडी थोडी फॅट मशीननं मुकाट्यानं खाऊन टाकली होती.

घरी त्यानं बोर्डाची परीक्षा गल्लीतल्या गवळ्याच्या दुधावर घेतली होती, आणि मंगळवार पेठेतल्या त्या दुधाची सातशी कधी तोंडओळखही नव्हती.

सात कसा हरवतो ते आकारामला बसल्या जागी समजलं. चार तारांनी आकडे वाटून घेतलेले असतात. एक तार एक सांगते, दुसरी दोन, तिसरी चार आणि चौथी आठ. सात सांगायचा तर पहिल्या तिघींनी एकदम उठायचं: एक, दोन आणि चार, मिळून सात. त्यात चारची तार उठलीच नाही असं प्रोसेसरला वाटलं, तर उरतात तीन. वजनकाटा प्रोसेसरच्या शेजारी होता, त्याचा सात सुखरूप पोचायचा. फॅटचं मशीन मात्र अकरा नावांच्या पलीकडं. सहाला दोघीच उठतात, ते कसंबसं निभावतं. तिघी एकदम उठल्या की सगळा बोर्ड हादरतो आणि सगळ्यांत लांबचा वळसा पडलेली चारची तार डगमगते.

गुरुवारी रजा टाकून त्यानं त्याच बोर्डाची घरी ठेवलेली जोडीची प्रत कॉलेजच्या लॅबमधल्या, तारेतली वीज पडद्यावर दाखवणाऱ्या स्कोपला लावली. पडद्यावर चारची तार सरळ उठायच्या ऐवजी वर जायची, खाली यायची, पुन्हा वर, पुन्हा खाली. प्रोसेसर नेमका खाली असताना बघायचा. आजार दिसला, पण ही हेलकावे का खाते आणि थांबवायची कशी, ते कळेना.

गल्लीला मात्र सगळं कळत होतं. एसटीतून निवृत्त झालेले शेजारचे उदयसिंह म्हणाले, अर्थिंग कच्चं आहे, खड्डा खणून मीठ आणि कोळसा घाल. त्यांनी खड्डा स्वतः खणलासुद्धा, आकारामच्या तुळशीशेजारी, आणि नळाची पाइप फोडली. समोरच्या बनाबाई लिंबू-मिरची घेऊन आल्या आणि बोर्डाला टोचायला म्हणून सुई शोधू लागल्या. यल्लाप्पाचं म्हणणं पडलं की म्हशीचं तोंड दक्षिणेला झालंय, फिरवून देतो. आकारामनं सगळ्यांचं ऐकलं, सगळ्यांना चहा दिला आणि कुणाचंच केलं नाही. फक्त पाइप तेवढी दुरुस्त करून घेतली, तिचं पाणी स्वयंपाकघरापर्यंत आलं होतं.

शुक्रवारी सकाळी तो गच्चीवर डोकं धरून बसला होता. पलीकडं आक्का धुतलेलं नऊवारी वाळत घालायच्या आधी झटकत होती. एकटी होती म्हणून तिनं लुगड्याचं एक टोक गजाला बांधलं होतं. झटका दिला की लुगड्यातून लाट निघायची, पळत गजापर्यंत जायची, तिथं आपटायची आणि तशीच उलटी येऊन आक्काच्या मनगटाला हिसका द्यायची. मग पुन्हा जायची, पुन्हा यायची. आक्का वैतागून ओरडली, "रूपाली, टोक धर गं." रूपालीनं टोक गजावरून सोडून हातात घेतलं. आक्कानं झटका दिला. लाट गेली, रूपालीचा हात थोडा लाटेबरोबर गेला, आणि लाट तिथंच विरली. परत काही आलं नाही.

आकाराम उठून उभा राहिला. त्यानं आक्काला तेच पुन्हा करायला सांगितलं. मग गजाला बांधून. मग रूपालीनं फार घट्ट धरून, मग फार सैल सोडून. चौदा वेळा. घट्ट धरलं की लाट उलटी, सैल सोडलं तरी उलटी, बेतानं धरलं तरच विरायची. समोरच्या गच्चीवरच्या बायकांनी आपापली कामं थांबवली. आक्का शेवटी म्हणाली की लुगडं वाळलं आता, तुझं काय व्हायचंय ते होऊंदे, आणि खाली गेली. आकारामला मात्र मिळालं होतं. त्याच्या तारांची टोकं कुणी धरलेलीच नव्हती. आकडा जायचा, टोकाला आपटून उलटा फिरायचा, वाटेतल्या प्रत्येक फांदीत शिरून तिथूनही उलटा यायचा, आणि अकरा नावांच्या वळशात हे सगळे परतलेले पाहुणे एकमेकांच्या अंगावर पडायचे.

म्हणजे उपाय साधा होता. तारा मधून सरळ न्यायच्या. यंत्रं वाटेवर एका ओळीत बसवायची, कुणालाही वेगळी फांदी नाही. दोन तारांच्या मधे एकेक जमिनीची तार, म्हणजे शेजारणीच्या हलण्यानं दुसरी हलणार नाही. आणि प्रत्येक तारेच्या टोकाला शेंगदाण्याएवढा एक रेझिस्टर, टोक बेतानं धरून ठेवायला. फक्त ह्या सगळ्याला जागा लागणार होती बोर्डाच्या मधोमध, आणि तिथं बाळासो होते.

तो बाळासोंकडं गेला. बाळासोंनी शांतपणे ऐकलं आणि सांगितलं की नावं ठरावानं बसलीत, ठरावानंच निघतील. ठरावावर अकरा सह्या पाहिजेत. स्वतःचं नाव काढायच्या ठरावावर सही करणारा माणूस चिंचमळ्यात अजून जन्माला यायचा होता, हे त्यांनी सांगितलं नाही, पण मिशीवर हात फिरवला. वर हेही सांगितलं की फारच वाटत असेल तर पुण्याहून मशीन मागवू, त्यांचा माणूस अजून फोन करतोय.

दुपारी कचेरी. मंजूर नकाशात बदल करायचा तर नवा अर्ज, त्याला तीन महिने. आकारामनं तिथंच उभं राहून नवा अर्ज भरला. सभा परवावर होती, आणि तीन महिन्यांनी चिमणाबाईला काय सांगायचं हा प्रश्न कुठल्याच रकान्यात बसत नव्हता. तक्त्यात त्यानं लिहिलं: "काढलेले भाग: संचालकांची नावे, नग अकरा. कार्य:" आणि ह्या वेळी पेन थांबलं नाही. "अडथळा." कारकुनानं न वाचता अर्जाच्या नकलेवर आवकचा शिक्का मारला. पोच खिशात घालून आकाराम बाहेर पडला तेव्हा त्याला आठवडाभरात पहिल्यांदा भूक लागली होती.

नवा बोर्ड त्यानं शनिवारी केला, त्याच टेबलावर. वहीच्या पानाएवढा. तांबं खाणारं पिवळं पाणी मोरीत सांडलं आणि मोरीची पितळी जाळी गेली, रूपालीची एक साडीही गेली, पण कुणी काही बोललं नाही. आकारामनं बोर्डाच्या एका टोकाकडून सात पाठवला. दुसऱ्या टोकाला सात आला. हजार वेळा पाठवला, हजार वेळा सातच आला. रूपालीनं मोजायचं काम केलं आणि शेवटी ती म्हणाली की आता मला झोपेतसुद्धा सातच दिसेल.

रविवारी संध्याकाळी संस्थेच्या पटांगणात सभा भरली. दूध घालायची वेळ तीच, म्हणून मशीन बाहेर मांडलं होतं आणि सगळं गाव किटल्या घेऊनच बसलं होतं. चिमणाबाई पहिल्या ओळीत, मांडीजवळ भांडं. बाळासोंनी तिचं सभासदत्व रद्द करायचा ठराव वाचायला चष्मा लावला, आणि आकाराम उठला. त्यानं माइक हातात घेतला. ह्याच माइकवरून तो आठ दिवसांपूर्वी बोलला होता.

"मशीन खोटं बोलत नाही असं मी म्हणालो होतो," तो म्हणाला. "मशीन खोटं बोलत होतं. ते मी केलं होतं, चूक माझी आहे. चिमणाबाईच्या दुधात पाणी नाही. माझ्या बोर्डातून सात जात नव्हता. आणि तुमच्यातल्या प्रत्येकाचा सात गेला आठवडाभर तीन लागलाय, पावत्या काढून बघा."

सगळं पटांगण पावत्या काढायला लागलं. बाळासो काही म्हणत होते, ते कागदांच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. तेवढ्यात आकारामनं मशीनचं झाकण उघडलं, परातीएवढा बोर्ड काढला आणि वहीच्या पानाएवढा बसवला. बाळासोंनी झाकणात डोकावून पाहिलं. "आमची नावं कुटं हैत?"

आकारामनं जुना बोर्ड त्यांच्या दोन्ही हातांवर ठेवला. "हितं हैत. सगळी अकरा, म्हशीसकट. भिंतीवर लावा, चांगली दिसतील. फक्त ह्यातनं कुणाचं दूध जायचं न्हाय."

"कचेरीची परवानगी?"

"अर्ज दिलाय. तुमचं कार्य लिवलंय त्यात," आकाराम म्हणाला आणि पोच खिशातून काढून त्यांच्या हाती दिली. बाळासोंनी वाचली, घडी घातली आणि कुणाला न दाखवता कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

चिमणाबाई उठली. तिनं मशीनमध्ये वाटीभर दूध ओतलं. मशीन घुमलं. आकारामनं डोळे मिटले होते, म्हणून त्यानं आकडा आधी ऐकला. केरबानं माइक न घेताच तो वाचला, आणि तरी तो शेवटच्या ओळीपर्यंत गेला: सात पॉइंट चार. पुण्याचा माणूस आकारामच्या डोक्यातून त्या क्षणी निघून गेला आणि परत कधी आला नाही.

केरबानं भांडं घ्यायला हात पुढं केला. चिमणाबाईनं भांड्यावर झाकण ठेवलं आणि झाकणावर तळहात.

"ह्यो पोरगा सगळ्यांम्होरं चुकलो म्हनाला," ती म्हणाली. "मला पानी घालनारी तुमी अकरा जनांनी ठरीवलंय. तुमी कवा म्हननार?"

म्हशींच्या धारा घरी काढून झालेल्या, दूध उन्हाळ्याचं, जास्त वेळ थांबणारं नव्हतं, आणि तिचं घेतल्याशिवाय रांग पुढं सरकू द्यायची नाही असं मागच्या बायकांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. एकीनंही आपली किटली उचलली नाही. बाळासोंनी आभाळाकडं पाहिलं, जुन्या बोर्डावरच्या आपल्या नावाकडं पाहिलं, आणि मग तो बोर्ड खाली ठेवून चिमणाबाईपुढं येऊन उभे राहिले. "चुकलं आमचं," ते म्हणाले. त्यांच्या मागं व्हाइस चेअरमन. त्यांच्या मागं बाकीचे, एकामागं एक, एका ओळीत. कुणी पुटपुटलं, कुणी खणखणीत म्हणालं, एकजण नुसताच खाकरला, त्याला तिनं पुन्हा म्हणायला लावलं. ती प्रत्येकाचं ऐकून घेत होती.

अकरावा झाला. आकाराम बारावा म्हणून ओळीच्या शेवटी उभा राहिला, तर चिमणाबाईनं त्याला हातानंच बाजूला सारलं. "तुझं झालंय. एकदा बास."

मग तिनं झाकण काढलं, सगळं दूध मापात ओतलं आणि केरबाच्या समोरच्या वहीवर बोट ठेवलं.

"लिव आता. सात मोठा काढ."